लॅपटॉपची बॅटरी जास्त चालायला हवी? मग 'तास' विचारू नका, 'वॅट-अवर' विचारा



मागच्या महिन्यात दुसरबीडहून माझ्या मामेभावाचा फोन आला. "दादा, लॅपटॉप घेतोय. दुकानदार म्हणतो बॅटरी दहा तास चालते. घेऊ का?" मी विचारलं, "वॅट-अवर किती?" तो गप्प. आजचा लेख त्याच्यासाठी, आणि ज्यांच्या गावात लाइट कधी जाईल याचा नेम नाही अशा सगळ्यांसाठी.

माझी चूक

ऑक्टोबर २०२० मध्ये इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची ऑनलाइन परीक्षा मी दुसरबीडच्या घरातूनच दिली. लाइट सकाळीच गेली होती. माझ्याकडे ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप होता, हौसेने घेतलेला. पेपर अर्ध्यात आला आणि स्क्रीन काळी! उरलेला पेपर मोबाइलवर लॉगिन करून कसाबसा पूर्ण केला. नंतर हिशोब मांडला तेव्हा कळलं, दोष फक्त लाइटचा नव्हता. मी लॅपटॉपच चुकीचा निवडला होता.

साधं गणित

मोबाइल घेताना आपण एमएएच बघतो. लॅपटॉपला ते चालत नाही, कारण दोघांचा व्होल्टेज वेगळा असतो. ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची असते, म्हणजे सुमारे १९ वॅट-अवर. लॅपटॉपवर ३५०० एमएएच आणि १५.४ व्होल्ट लिहिलं असेल, तर ती होते जवळपास ५४ वॅट-अवर. आकडा लहान, पण साठा जवळजवळ तिप्पट!

वॅट-अवर म्हणजे टाकीतलं पाणी. लॅपटॉप किती वॅट खातो, ती तोटी. टाकीला तोटीने भागा, तास मिळतात. माझी जुनी बॅटरी झिजून २८ वॅट-अवरवर आली होती आणि मशीन खात होतं २० वॅट. म्हणजे जेमतेम दीड तास.

आता दुसरं टोक बघा. एम२ चिपच्या १३ इंची मॅकबुक एअरची बॅटरी ५२.६ वॅट-अवरची आहे आणि ॲपल व्हिडिओसाठी १८ तासांपर्यंतचा दावा करतं. भागाकार केला तर ३ वॅटपेक्षाही कमी! टाकी फार मोठी नाही, तोटी बारीक आहे. विमानात साधारणपणे १०० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी विनापरवानगी नेता येते, त्यामुळे कंपन्या टाकी त्यापुढे सहसा वाढवत नाहीत. खरा खेळ तोटीचाच.

तोटी कुठे कुठे उघडी असते?

डिस्प्ले: साध्या कामात सगळ्यात जास्त खाणाऱ्यांपैकी एक. १४ इंच, फुल एचडी, ६० हर्ट्झ पुरेसं आहे. ४के आणि १४४ हर्ट्झ बॅटरी खातात. ओएलईडी काळ्या स्क्रीनवर वाचवतो, पण पांढऱ्या पानावर उलट जास्त घेतो.

प्रोसेसर: नावातलं शेवटचं अक्षर बघा. इंटेलमध्ये 'यू' म्हणजे बहुतेक वेळा १५ वॅटचा वर्ग, 'एच' म्हणजे ४५ वॅटचा. हा आकडा कामाच्या ताणातला आहे, नुसतं वाचताना दोघेही कमीच घेतात. तरी 'यू' चिप बॅटरी डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असते.

ग्राफिक्स कार्ड: गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं नसेल तर नकोच. एखादं ॲप त्याला जागं ठेवतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

रॅम आणि एसएसडी: 'एलपीडीडीआर' रॅम, विशेषतः लॅपटॉप स्लीपमध्ये असताना, कमी वीज घेते. पण ती बोर्डवरच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या. एसएसडीमुळे फरक पडतो, पण डिस्प्लेइतका नाही.

दुकानात विचारायचे तीन प्रश्न

१. बॅटरी किती वॅट-अवर? एकाच मॉडेलमध्ये लहान-मोठ्या दोन बॅटऱ्या असू शकतात, म्हणून नेमका मॉडेल नंबर बघा. ५० च्या वर असेल तर बरं.

२. यूएसबी-सी वरून चार्ज होतो का? होत असेल तर ६५ वॅटची पॉवर बँक लाइट नसताना कामाला येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-अवर. थोडी वीज वाटेत वाया जाते, तरी लॅपटॉपची एक बॅटरी जवळपास भरते.

३. बॅटरी बदलून मिळते का? तीन-चार वर्षांत ती झिजणारच.

मामेभावाने हे प्रश्न विचारले. दहा तासांच्या त्या लॅपटॉपमध्ये ४२ वॅट-अवरची बॅटरी आणि ग्राफिक्स कार्ड निघालं. त्याला फक्त कोडिंग आणि कॉलेजचं काम करायचंय, म्हणून त्याने ५६ वॅट-अवरचा, 'यू' प्रोसेसरवाला साधा लॅपटॉप घेतला. दिसायला तेवढा भारी नाही. पण परवा दुपारी लाइट गेली, तेव्हा त्याचं लेक्चर चालू होतं आणि ते शेवटपर्यंत चालू राहिलं.