डांसाच्या कोषांत काय घडतें?



वडगांव मावळांत पाऊस लागला, कीं पागोळ्यांखालच्या पिंपांत वळवळणाऱ्या अळ्या दिसूं लागतात. शाळेंत शिकवीत असतांना मी अशा अळ्या कांचेच्या बरणींत ठेवून तोंडास फडकें बांधीत असें. चार-पांच दिवसांत अळी खाणें सोडी आणि तिचा स्वल्पविरामासारखा वांकडा कोष होई. पुढें दोन दिवसांनीं फडक्याखालीं डांस गुणगुणे. "गुरुजी, अळी कोठें गेली?" असें एका मुलानें विचारलें. "तिलाच पंख फुटले," असें मीं सांगितलें. तें उत्तर अर्धेंच खरें होतें.

पाण्यांतील बारीक कण खाणारें अळीचें आंतडें डांसाच्या उपयोगाचें नसतें. म्हणून कोषावस्थेंत त्या आंतड्याच्या पेशी ठरल्या वेळीं स्वतःचा अंत करून घेतात, आणि राखून ठेवलेल्या दुसऱ्या पेशींपासून नवें आंतडें बनतें.

हें मोडण्याचें काम कॅस्पेज नांवाचीं विकरें करतात. प्रथिनांची साखळी ठराविक कडीपाशीं कापणाऱ्या या जणूं कात्र्याच! त्या पेशींत आधींपासून असतात, पण मिटलेल्या. शिवाय त्यांवर दुसऱ्या प्रथिनांचा पहारा असतो. अळीची वाढ पुरी झाली, कीं एक्डायसोन नांवाचा अंतःस्राव वाढतो, पहारा उठतो, एक कात्री दुसरीस उघडते, आणि पेशी न सडतां नीटनेटकी आटोपते.

पेशींच्या या नेमस्त मरणाचा उलगडा एका सूक्ष्म कृमीवरून करणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांस २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या हातांचीं बोटेंही गर्भांत याच रीतीनें सुटीं होतात.

या ज्ञानाचा व्यवहारांतही उपयोग आहे. अळीच्या शरीरांतील दुसरा एक अंतःस्राव हें रूपांतर रोखून धरतो. त्याच्या जातीचें मेथोप्रीन हें कृत्रिम द्रव्य पाण्यांत असलें, तर डेंग्यू पसरविणाऱ्या डांसाच्या अळीचें जुनें आंतडें वेळेवर मोडत नाहीं, आणि ती बहुधा कोषांतच मरते.

आपल्या घरीं मात्र याहून सोपा उपाय आहे. अंड्यापासून डांस होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एकदां पिंप रिकामें करून, कडेस चिकटलेलीं अंडीं घांसून काढावीं. डेंग्यूपासून मुलांबाळांस जपावयाचें, तर त्या कात्र्या उघडण्यापूर्वींच आपण पिंपाशीं पोहोंचलें पाहिजे.

त्या मुलास आज मी म्हणेन : बाळ, अळीचें पुष्कळसें मरतें, म्हणूनच डांस जन्मतो.