कॅमेऱ्याचे व्याकरण आणि पॉप गाण्यातली स्त्री

पॉप गाण्याच्या व्हिडिओत स्त्री कशी दाखवली जाते, यावरचा वाद बहुधा तिच्या अंगावर कपडे किती आहेत या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो, आणि उत्तर मोजायला सोपे असल्यामुळेच हा प्रश्न फसवा ठरतो. कापड तोकडे असो वा पायघोळ, पडद्यावरच्या व्यक्तीचे स्थान ठरते ते कॅमेरा कुठे ठेवला आहे, तो कोणाच्या डोळ्यांनी पाहतो, देह अखंड दाखवतो की तुकड्यातुकड्यांनी, आणि गाण्याच्या कोणत्या ठोक्यावर दृश्य बदलते, यांवरून. लिंगभाव, म्हणजे बाईपण आणि पुरुषपण यांविषयी समाजाने घडवलेल्या कल्पना, व्हिडिओत वावरतो तो मुख्यतः या निवडींमधून. म्हणून त्याचा विचार करताना शिंप्यापेक्षा छायाचित्रकाराची दृष्टी अधिक उपयोगी पडते.

या विचाराला ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली ‘स्क्रीन’ या नियतकालिकातील निबंधातून नेमके शब्द दिले. हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांत तीन नजरा एकमेकींत मिसळलेल्या असतात, एक कॅमेऱ्याची, दुसरी प्रेक्षकाची आणि तिसरी कथेतील पात्रांची; नायक नायिकेकडे पाहतो, कॅमेरा त्याच्या जागी उभा राहतो आणि प्रेक्षक, मग तो स्त्री असो वा पुरुष, नकळत तीच जागा घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. यालाच पुढे ‘पुरुषी नजर’ म्हटले जाऊ लागले. मात्र हा सिद्धांत म्युझिक व्हिडिओला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण चित्रपटातील पात्रे सहसा कॅमेऱ्याकडे बघायचे टाळतात, तर व्हिडिओतील गायक थेट भिंगात पाहून प्रेक्षकाला उद्देशून गातो. गाणारा बोलतो आणि रोखून पाहतो. त्याच्या मागे नाचणाऱ्यांना मात्र आवाज नसतो. त्यामुळे व्हिडिओत सत्तेची पहिली वाटणी होते ती गाणारे आणि न गाणारे यांच्यात, आणि स्त्री यांपैकी कोणत्या बाजूला आहे यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली तेव्हा व्हिडिओ ही मुळात ध्वनिमुद्रिकेची जाहिरात होती, आणि तीन-चार मिनिटांत लक्ष खिळवून ठेवायचे असल्यामुळे तिने फॅशनच्या छायाचित्रणाकडून बरेच काही उचलले. रॉबर्ट पामर याच्या ‘ॲडिक्टेड टू लव्ह’ या गाण्याचा १९८६चा व्हिडिओ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मानता येईल. त्याचा दिग्दर्शक टेरेन्स डोनोव्हन हा मूळचा लंडनचा नामवंत फॅशन छायाचित्रकार होता. शर्ट आणि टाय घातलेला पामर पुढे उभा राहून गातो, आणि त्याच्या मागे पाच मॉडेल्स वाद्ये हातात घेऊन वादकांचे सोंग करतात. पाचहीजणींचे काळे पोशाख, चापून बसवलेले केस, पांढरटफिकट चेहरे आणि लालभडक ओठ इतके सारखे आहेत की एकीला दुसरीपासून वेगळे काढणे अवघड व्हावे. येथे अंगप्रदर्शन फारसे नाही. जे आहे ते अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या वाजवत नाहीत हे लपवण्याचा प्रयत्नच केलेला नाही, त्यांचे डोलणे गाण्याच्या तालाशी धड जुळतही नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कोणताही भाव उमटत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी १९७०च्या दशकात जाहिरातींतील शेकडो छायाचित्रे समोर ठेवून स्त्री-पुरुषांच्या उभे राहण्याच्या, स्पर्श करण्याच्या आणि पाहण्याच्या सवयी तपासल्या होत्या. त्यांना असे आढळले की जाहिरातीतील स्त्री पुष्कळदा प्रसंगातून मनाने निघून गेलेली दिसते. ती तेथे असते, परंतु तिचे लक्ष तेथे नसते, आणि प्रसंगाचा भार शेजारचा पुरुष वाहतो. काम करणाऱ्याच्या हातात वस्तू घट्ट पकडलेली असते, तर जाहिरातीतल्या स्त्रीची बोटे वस्तूवरून नुसती फिरतात, हेही त्यांचेच निरीक्षण. पामरच्या मागची गिटार नेमकी अशी धरलेली आहे. ती वाद्य राहत नाही, दागिना होते.

हे चित्र इतके प्रसिद्ध झाले की १९९९ साली कॅनडाची गायिका शनाया ट्वेन हिने ‘मॅन! आय फील लाइक अ वुमन!’च्या व्हिडिओत ते उलटे करून दाखवले: पुढे ती गाते, आणि मागे काळ्या पोशाखातले, निर्विकार चेहऱ्यांचे पुरुष वाद्ये धरून उभे राहतात. विडंबन चतुर आहे आणि ते पाहताना हसूही येते. परंतु ते हसू का येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पुरुषाला शोभेची वस्तू केले की विनोद होतो आणि स्त्रीला केले की नुसती सजावट होते, याचा अर्थ असा की जागांची अदलाबदल करून तराजू समतोल होत नाही. शिवाय या व्हिडिओतही एकेक कपडा उतरवते ती गायिकाच. उलटापालट हे तंत्र सवय उघडी पाडते, ती मोडत नाही.

तंत्राच्या अंगाने पाहता दोन युक्त्या विशेष लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे देहाचे तुकडे करणे: कॅमेरा पायांपासून सुरू होऊन सावकाश वर सरकतो आणि चेहरा सर्वांत शेवटी येतो, किंवा संकलक ओठ, कंबर, पाठ यांचे क्लोजअप ठोक्याठोक्यावर एकामागून एक जोडतो, ज्यामुळे माणूस दिसण्याआधी अवयव दिसतात. दुसरी युक्ती मंदगतीची. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चित्रे टिपतो, सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवले जाते आणि गायिका त्या घाईतच ओठ हलवते; नंतर तेच चित्रण २४च्या गतीने दाखवले की ओठ मूळ गाण्याशी अचूक जुळतात, पण केसांचे उडणे, वस्त्राची सळसळ आणि चाल स्वप्नातल्यासारखी संथ होते. प्रेक्षकाला मिळतो तो पाहत राहण्यासाठी जादा वेळ. अशी सवलत कोणाच्या देहावर किती वेळा वापरली जाते, हे मोजले तर कापडाच्या मापापेक्षा कितीतरी अधिक कळते.

बियॉन्से हिच्या २००८च्या ‘सिंगल लेडीज’ या व्हिडिओने हे चांगले सिद्ध होते. तीन नर्तकी, अंगासरशी तोकडे पोशाख, कृष्णधवल चित्रण, आणि नेपथ्य जवळजवळ नाहीच. कापडाच्या हिशेबाने पाहिले तर व्हिडिओ आक्षेपार्हांच्या यादीत सहज बसेल. पण दिग्दर्शक जेक नावा याने बराच वेळ तिघींना डोक्यापासून पायापर्यंत एकाच चौकटीत ठेवले, कॅमेरा त्यांच्याभोवती फिरवला आणि डोळ्यांना जाणवतील असे कट फार कमी दिले. पूर्ण देह आणि न तुटलेला काळ समोर असला की नजर अवयवांवर रेंगाळण्याऐवजी पदन्यासाकडे जाते, आणि नृत्य हे कष्टाने कमावलेले कसब म्हणून दिसते. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी यांच्या १९६९च्या एका दूरचित्रवाणी-नृत्यावरून ही रचना सुचली होती, तेव्हा अखंड चौकटीची ही शिस्त रंगमंचाजवळची आहे असे म्हणता येते.

पाहणाऱ्यालाच चौकटीत ओढण्याचा मार्ग याहून वेगळा. मॅडोनाच्या १९८६च्या ‘ओपन युअर हार्ट’मध्ये ती पीप-शोमध्ये, म्हणजे पैसे देऊन छोट्या खिडकीतून बघायच्या तमाशात, नाचते, परंतु फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-बाप्तिस्त माँदिनो याचा कॅमेरा वारंवार त्या खिडक्यांकडे वळतो आणि काचेमागचे एकटे, अवघडलेले पुरुष दाखवतो. एरवी अंधारात सुरक्षित बसणारी नजर येथे स्वतःच प्रदर्शनाला लागते. त्याचबरोबर तिचे नाचणेही विकले जातेच, आणि या दुटप्पीपणावरून अभ्यासकांमध्ये आजवर एकमत झालेले नाही. ते व्हावे अशी अपेक्षाही वेडगळ ठरेल.

दिग्दर्शक स्त्री असली की दोष आपोआप टळतो, हा समज २०१३च्या ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्याच्या व्हिडिओने खोटा ठरवला. दिग्दर्शिका डायान मार्टेल हिने मॉडेल्सना मुद्दाम कॅमेऱ्यात रोखून पाहायला सांगितले होते, आणि त्यामुळे सत्ता त्यांच्याकडे राहते असा तिचा दावा होता. परंतु गाणारे तिघेही पुरुष, तेही कपड्यांत, आणि न गाणाऱ्या तिघी एका आवृत्तीत जवळजवळ विवस्त्र, अशी वाटणी असताना डोळ्याला डोळा भिडवल्याने फारसा फरक पडला नाही.

भारतात उपग्रह वाहिन्यांमुळे म्युझिक व्हिडिओ हा प्रकार घराघरांत पोचला. १९९५च्या ‘मेड इन इंडिया’त अलिशा चिनॉय राजकन्या झाली होती, देशोदेशीचे वर ती नाकारते आणि अखेर लाकडी खोक्यातून उघड्या छातीचा मिलिंद सोमण बाहेर येतो. मुंबईतील या मराठी मॉडेलला त्या व्हिडिओने देशभर ओळख दिली. केन घोष याच्या या व्हिडिओत पाहते ती स्त्री, निवड करते तीही स्त्री, गातेही तीच, आणि माल म्हणून खोक्यात येतो तो पुरुष. लोकप्रिय भारतीय दृश्यकलेत ही मांडणी तेव्हा अगदी दुर्मीळ होती. पुढे रिमिक्सची लाट आली. लता मंगेशकरांनी १९७२च्या ‘समाधी’ या चित्रपटासाठी गायलेल्या ‘कांटा लगा’चा २००२चा नवा व्हिडिओ गाजला तो मुख्यतः नायिकेच्या पोशाखावरून, नव्या चित्रणात कॅमेरा कुठे थांबतो आणि का थांबतो, याची चर्चा मात्र मागेच राहिली. वास्तविक स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा १९८६चा भारतीय कायदासुद्धा कापडाची लांबी सांगत नाही. स्त्रीची आकृती, देह किंवा देहाचा एखादा भाग कशा रीतीने दाखवला आणि त्याचा परिणाम काय झाला, अशी त्याची भाषा आहे.

अमेरिकेतील प्राध्यापक सट जॉली यांनी १९९०च्या सुमारास ‘ड्रीमवर्ल्ड्स’ या माहितीपटात एक साधी युक्ती योजली होती. त्यांनी व्हिडिओंमधील गाणी काढून टाकली आणि त्या दृश्यांवर स्वतःचे निवेदन घातले. एमटीव्हीने त्यावर कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, यातच त्या युक्तीचा नेम लागल्याचे कळते, कारण ताल निघून गेला की चौकटींची पुनरावृत्ती उघडी पडते. ही तपासणी कोणत्याही वाचकाला घरच्या घरी, आवाज बंद करून, करता येईल.

टेलर स्विफ्ट हिने २०२० साली ‘द मॅन’ हा व्हिडिओ स्वतः दिग्दर्शित केला आणि रंगभूषेच्या साहाय्याने त्यातला उर्मट पुरुषही स्वतःच साकारला. शेवटच्या प्रसंगात तो पुरुष चित्रीकरण संपवून दिग्दर्शिकेपुढे येतो, आणि खुर्चीत बसलेली स्विफ्ट त्याला आणखी मादक आणि आणखी हवाहवासा वाटेल असे करून पाहायला सांगते. त्यानंतर श्रेयनामावली येते. तीत दिग्दर्शन, लेखन, भूमिका आणि मालकी या चारही ओळींसमोर नाव एकच आहे.