बँड बसला, आता ताटाचं काय?

गॅस्ट्रिक बँड म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेलं सिलिकॉनचं कडं. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. आज जठर कापून लहान करणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेने त्याला बरंच मागे टाकलंय, पण बँड घेऊन जगणारे अजूनही पुष्कळ आहेत.

शस्त्रक्रियेनंतर आधी पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. नेहमीच्या जेवणावर यायला साधारण सहा आठवडे जातात. कड्यात सलाइन भरून ते घट्ट करतात, काढून सैल करतात. त्यासाठी पोटाच्या त्वचेखाली छोटा पोर्ट असतो, त्यात सुई टोचली की काम झालं. नेमका ताण जमायला अशा अनेक फेऱ्या होतात.

खरी परीक्षा जेवताना. घास लहान, चावणं भरपूर, जेवताना पाणी नाही. ताजी मऊ पोळी, पाव, गिचका भात, चिवट मटण हमखास अडकतं. मग छातीत दाटतं, तोंडाला लाळ सुटते, घास परत येतो. पंगतीत आग्रह करणाऱ्यांना हे आधीच सांगून टाकावं! उलट मिल्कशेक, आइस्क्रीम, फरसाणाचा चुरा सहज खाली उतरतो. वजनाचा काटा तिथेच अडतो. बँड भूक आवरतो, जिभेला नाही.

व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि तपासण्या कायमच्या. दिवस राहिले तर बँड सैल करता येतो. मात्र पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. वारंवार उलट्या होत असतील किंवा पाणीही उतरत नसेल, तर बँड सरकलेला असू शकतो. लगेच सर्जनकडे जावं.