राहिलेले शिक्षण आणि त्याचे नियम

गेल्या वर्षीच्या पालकसभेनंतर एका विद्यार्थिनीची आई वर्गाच्या दाराशी रेंगाळत उभी होती. मुलीच्या गणिताच्या गुणांविषयी काही विचारावयाचे असेल, असे मला वाटले. इतर पालक निघून गेल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, बारावी झाल्याबरोबर लग्न झाले आणि कॉलेज राहिले. आता पस्तिसावे वर्ष चालू आहे. अजून करता येईल का?"

त्या औषधांच्या दुकानात सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत काम करतात. पूर्वी एकदा त्यांनी एका महाविद्यालयात जाऊन चौकशी केली होती. तेथे सांगण्यात आले की, वर्ग सकाळी साडेआठला सुरू होतात, दुपारी दीडला सुटतात आणि पंचाहत्तर टक्के उपस्थिती असल्याशिवाय परीक्षेस बसता येत नाही. त्यांचे वय ऐकून खिडकीपलीकडचे गृहस्थ किंचित हसले. त्या हसण्यानंतर पुढील सहा वर्षे त्यांनी कोणालाच काही विचारले नाही.

आपल्या शाळेतील कितीतरी घरांत असे एखादे माणूस असेल. कोणाचा थोरला भाऊ बस चालवीत असेल, कोणाची मावशी अंगणवाडीत असेल, कोणाचे वडील दुकानाच्या गल्ल्यावर बसत असतील. नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी जे नियम केलेले आहेत, त्यांची माहिती अशा घरांपर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. इ.स. १८५५ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याने रात्री शिकावे, ही कल्पना तेव्हापासून आपल्याकडे आहे. परंतु ती शाळेपुरती होती. विद्यापीठाची गोष्ट निराळी. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली, ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. संलग्न महाविद्यालयांत शिकलेल्यांची परीक्षा घ्यावयाची व पदवी द्यावयाची, हे त्या विद्यापीठांचे मुख्य काम. आश्चर्य असे की, ज्याचा नमुना आपण घेतला त्या लंडन विद्यापीठाने पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५८ मध्ये, महाविद्यालयात नाव असण्याची ही अट बहुतेक अभ्यासक्रमांपुरती काढून टाकली. विद्यार्थी कोठे शिकला हे पाहावयाचे नाही. त्याने आमची परीक्षा द्यावी व ती उत्तीर्ण व्हावी, एवढेच मागणे राहिले. याच विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा महात्मा गांधींनी बॅरिस्टरीचा अभ्यास चालू असतानाच दिली. पहिल्या वेळी ते लॅटिनमध्ये नापास झाले. पुन्हा बसून १८९० मध्ये उत्तीर्ण झाले.

लंडनने सोडलेली अट आपल्याकडे मात्र दीर्घकाळ टिकली. काही विद्यापीठांनी शिक्षकांना व स्त्रियांना खासगी रीतीने परीक्षेस बसण्याची मुभा दिली, पण तो अपवाद होता. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने टपालाद्वारे पदवीचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला, तेव्हा दार खऱ्या अर्थाने किलकिले झाले. १९६९ मध्ये इंग्लंडात मुक्त विद्यापीठाची सनद निघाली आणि १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी अभ्यासास लागले. प्रवेशासाठी पूर्वीच्या कोणत्याही परीक्षेची अट तेथे नव्हती. त्यानंतर १९८२ मध्ये हैदराबाद येथे भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. त्यास आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र आपल्या गोव्यातही आहे.

आता नियमांकडे वळू. या सर्व नियमांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : शिक्षण मोजावयाचे कशाने?

नेहमीच्या महाविद्यालयात ते वर्षांनी मोजले जाते. तीन वर्षे वर्गात बसा, दरवर्षी परीक्षा द्या, पदवी घ्या. दिवस मोकळा असणाऱ्यास हे माप सोयीचे आहे. नोकरदारास ते लागू पडत नाही. म्हणून मुक्त विद्यापीठांनी दुसरे माप स्वीकारले. त्यास श्रेयांक असे म्हणतात. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याने केलेला सुमारे ३० तासांचा अभ्यास. त्यात पुस्तक वाचणे, टिपणे काढणे, स्वाध्याय लिहिणे, मार्गदर्शनाच्या वर्गास जाणे, सर्व काही आले. सहा श्रेयांकांचा विषय असेल तर १८० तास झाले. हे तास सकाळी मोजा वा रात्री मोजा, वर्गात मोजा वा स्वयंपाकघरातील पाटावर बसून मोजा. मापात फरक पडत नाही.

या मापाचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत १९०५ साली उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक निधी दिला. निवृत्तिवेतन कोणत्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांना द्यावयाचे हे ठरविण्यासाठी, महाविद्यालय कशाला म्हणावे याची व्याख्या करावी लागली. माध्यमिक शाळेत एका विषयाचा ठराविक तास अभ्यास म्हणजे एक एकक, आणि अशी ठराविक एकके झालेल्यांनाच जे प्रवेश देते ते महाविद्यालय, असे ठरले. वृद्ध शिक्षकांच्या पोटापाण्यासाठी केलेले हे मोजमाप पुढे तरुण विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला लागले आणि जगभर पसरले.

श्रेयांकाचे गणित एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक धरले, तर एकूण ३,६०० तासांचा अभ्यास झाला. तो तीन वर्षांत पुरा करावयाचा म्हटले तर वर्षाच्या ३६५ दिवसांत एकही सुट्टी न घेता रोज जवळजवळ सव्वातीन तास अभ्यास करावा लागेल. आठ तासांची नोकरी, जाण्यायेण्याचा एक तास आणि घरचे काम सांभाळून हे कोणास साधेल? परंतु रोज दोन तास अभ्यास केला तर वर्षाला ७३० तास होतात आणि तीच पदवी पाच वर्षांच्या आत पुरी होते. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात कला शाखेच्या पदवीसाठी कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत ठेवलेली आहे, तिचे मर्म या हिशेबातून कळते. ही मुदत आळशांसाठी ठेवलेली ढिलाई नव्हे. ज्याच्याजवळ दिवसाला दोनच तास आहेत, त्याला धरून केलेला तो हिशेब आहे. सहा वर्षांतही काही विषय राहिले, तर त्या विषयांपुरते शुल्क भरून पुन्हा प्रवेश घेण्याची सोय असते.

उपस्थितीची गोष्टही अशीच. मार्गदर्शनाचे वर्ग बहुधा रविवारी वा सुट्टीच्या दिवशी, एखाद्या चालू महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात. सैद्धांतिक विषयांच्या वर्गांस जाणे हिताचे असते, पण सक्तीचे नसते. प्रयोगशाळेच्या कामास मात्र गैरहजर राहून चालत नाही. परीक्षा जून व डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. घरात आजारपण आले तर वर्ष वाया न जाता सहा महिन्यांनी पुन्हा बसता येते. बहुतेक विषयांत स्वाध्यायांना ३० टक्के व सत्रान्त परीक्षेला ७० टक्के भार असतो. प्रवेशास वयाची वरची मर्यादा नाही. ते खिडकीपलीकडचे हसणे कोणत्याही नियमात बसत नाही, हे येथे मुद्दाम नमूद करते.

आता शुल्काचा विचार करू. वेळेत सवलत दिली आणि शुल्कात दिली नाही, तर ती सवलत अर्धीच राहते. अमेरिकेचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. तेथील पदवीसही साधारण १२० श्रेयांक लागतात, मात्र त्यांचा एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात आठवड्याला एक तास वर्ग व त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास. सत्राला १२ वा अधिक श्रेयांक घेणारा तो पूर्णवेळ विद्यार्थी. त्याहून कमी घेणारा अंशकालीन. अंशकालीन विद्यार्थ्याकडून बहुधा जितके श्रेयांक तितकेच शुल्क घेतात. हे न्याय्य दिसते. परंतु केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळण्यास निदान अर्धवेळ, म्हणजे ६ श्रेयांक, घ्यावे लागतात. घरच्या अडचणीमुळे एकच तीन श्रेयांकांचा विषय घेणाऱ्यास त्या सत्रात ते कर्ज मिळत नाही. आणि नेमाने सहा-सहा श्रेयांक घेणाऱ्यास, वर्षाची दोन सत्रे धरता, पदवीस दहा वर्षे लागतात. शुल्काचे हप्ते लहान झाले तरी वाट लांबते, आणि लांब वाटेवर माणसे गळतात. म्हणून नियम करणाऱ्याने माणसाला सोसवेल तो हप्ता आणि टिकवेल ती मुदत, या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

आपल्याकडील मुक्त विद्यापीठांचे शुल्क त्या मानाने बेताचे असते. संपूर्ण पदवीचे पैसे एकदम न घेता ते वर्षावर्षाने वा सत्रासत्राने घेतले जातात. परीक्षेचे शुल्क मात्र प्रत्येक विषयामागे वेगळे भरावे लागते. पुष्कळांच्या हे ध्यानात येत नाही आणि ऐन परीक्षेच्या वेळी धावपळ होते. घरखर्चाच्या वहीत त्यासाठी आधीच एक ओळ राखून ठेवावी.

अलीकडच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांच्या पेढीचे नियम केले. बँकेत पैसे ठेवावे त्याप्रमाणे मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात; मध्ये शिक्षण थांबले तरी सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ते पुढे वापरता येतात. दुसरी गोष्ट अशी की, मान्यताप्राप्त संस्थेने दूरशिक्षणाने दिलेली पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. येथे "मान्यताप्राप्त" हा शब्द महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांत पदवी देऊ, अशा जाहिराती भिंतींवर आपण पाहतोच. ३,६०० तासांचे गणित ज्याने एकदा केले, तो अशा जाहिरातीस फसणार नाही. पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत त्या संस्थेचे व त्या अभ्यासक्रमाचे नाव पाहून घ्यावे.

एवढे सांगितल्यावर एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे शिक्षण सोपे असते, असे काही लोक मानतात. सवलत आहे ती वेळेची, विद्येची नाही. पुस्तक तेवढेच जाड असते आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास लिहिणाऱ्याचा संसार ठाऊक नसतो. उलट, वर्गातील विद्यार्थ्याला घंटा उठविते, शिक्षक विचारतो, सोबती ओढून नेतात. येथे हे सर्व आपले आपणच करावे लागते. पुष्कळ जण पहिल्या वर्षातच थांबतात, ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. रोजचे दोन तास कोणी राखू दिले नाहीत म्हणून.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचे काम येथे सुरू होते. विद्यापीठ सहा वर्षे देऊ शकते, पण ते दोन तास विद्यापीठाला देता येत नाहीत. ते घरानेच द्यावयाचे असतात. रात्रीची भांडी तुम्ही घासलीत, धाकट्या भावाला तुम्ही निजविलेत, दूरदर्शनचा आवाज थोडा कमी केलात, तर कोणाच्या तरी वर्षाकाठी ७३० तासांची बेरीज होते.

त्या विद्यार्थिनीच्या आईने जुलैच्या सत्रासाठी अर्ज भरला आहे. अर्जातील किचकट रकाने मुलीने वाचून दाखविले आणि आईने भरले. परवा मुलीच्या वहीत स्वाध्यायाचा एक कागद चुकून आला होता. अक्षर निराळे दिसले म्हणून पाहिले, तर तो आईचा होता. समासात पेन्सिलीने, मुलीच्या हस्ताक्षरात, एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त केलेली होती. मी तो कागद घडी करून तिच्याजवळ परत दिला आणि आईला जपून पोहोचविण्यास सांगितले.