वेंगुर्ल्यात चार दिवस, एकट्याने

लालबाग-परळच्या माणसाला कोकणचा किनारा नवा नाही. गणपतीला आणि शिमग्याला तो गावी जातोच. परंतु ते जाणे क्वचितच विश्रांतीचे असते. गाडीच्या आरक्षणापासून घराच्या डागडुजीपर्यंत आणि भाऊबंदांच्या मानपानापासून देवळाच्या वर्गणीपर्यंत अनेक कर्तव्ये आधीच पिशवीत भरलेली असतात. म्हणूनच, स्वतःच्या गावी न जाता कोकणातल्याच एखाद्या किनारी शहरात, कोणाचाही पाहुणा न होता चार-सहा दिवस एकट्याने राहावे, ही कल्पना अनेकांना चमत्कारिक वाटते. घरी नुसते बोलून पाहावे, "कोणाशी भांडलास की काय?" हा पहिला प्रश्न ठरलेला.

या संकोचाला इतिहास आहे. गिरणगावात आलेला कामगार बहुधा एकटा येई. बायकामुले गावीच असत. गावमंडळाच्या खोलीत ट्रंकेपुरती जागा, पाळीनुसार झोप आणि खाणावळीतले जेवण असे त्याचे आयुष्य होते. एकटेपण होते, एकांत मात्र कधीच नव्हता. गावी गेला तर शेत, घर आणि देव वाट पाहत असत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. पण सुटी म्हणजे कोणाचे तरी काही करण्यासाठी मिळालेला वेळ, ही समजूत पुढच्या पिढीतही टिकून राहिली. ती मोडायची तर ठिकाण विचारपूर्वक निवडावे लागते.

वेंगुर्ले त्यासाठी योग्य वाटते, कारण ते केवळ पर्यटकांसाठी उभे राहिलेले नाही. येथील नगरपालिका १८७६ सालची. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली; तिच्या पडक्या भिंती आजही पाहता येतात. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी एके काळी या बंदराला लागत. त्या बंद पडल्या, १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली, तीही शहराला दूर ठेवून गेली. त्यामुळे गर्दी इतरत्र वळली आणि शहराची जुनी लय बरीचशी शाबूत राहिली. बाजार, शाळा, टपाल कचेरी, मासळीचा लिलाव असे सारे आपापल्या वेळेवर चालते. एकट्या प्रवाशाला हेच हवे असते. जिथे सर्व जण मौजेसाठी आलेले असतात तिथे एकटा माणूस उठून दिसतो; जिथे लोक आपल्या कामात असतात तिथे तो सहज सामावतो.

दादरहून मध्यरात्र उलटताच सुटणारी तुतारी एक्स्प्रेस त्याच दिवशी सावंतवाडीला पोहोचवते. कुडाळला उतरूनही एसटीने वेंगुर्ले गाठता येते.

राहण्याच्या बाबतीत एक अडचण सांगितली पाहिजे. एकट्या माणसाला खोली देताना काही लॉजवाले अजूनही कां-कूं करतात. काही बरेवाईट घडले तर निस्तरायचे कोणी, ही त्यांची धास्ती असते. आधी दूरध्वनी करून किती दिवस राहणार हे स्पष्ट सांगावे, ओळखपत्र जवळ ठेवावे. त्यापेक्षा घरगुती निवास-न्याहारीची सोय बरी. विशेषतः एकट्या स्त्रीला तेथे घरच्या बाईंचा आधार राहतो आणि सकाळी घावणेही मिळतात.

दिवस कसा घालवावा, याचे वेळापत्रक मात्र करू नये. सकाळी बंदरावर होड्या परतताना पाहाव्यात. दीपगृहाच्या टेकडीवरून समुद्र न्याहाळावा. दुपारी तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि भात झाला, की झोप ही आपसूक येते. तिला आळस म्हणू नये. एखाद्या दिवशी आरवलीला जाऊन वेतोबाचे दर्शन घ्यावे. रात्री गावाच्या राखणीला फिरणाऱ्या या देवाला भाविक भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. तेथून शिरोडे जवळच. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे हे गाव, वि. स. खांडेकरांनी अनेक वर्षे शिक्षकी केली तीही येथेच. वाचनाची आवड असेल तर चिं. त्र्यं. खानोलकर किंवा जयवंत दळवी यांचे एखादे पुस्तक सोबत न्यावे. दोघेही याच परिसरातले. पुस्तकातली माणसे बाजारात भेटल्याचा भास होतो.

संपूर्ण मौन मात्र येथे मिळणार नाही. "तुमी खंयचे?" हा प्रश्न दिवसातून चारदा विचारला जाईल. मुंबईचा, एवढ्या उत्तराने कोणाचेही समाधान होत नाही. मूळ गाव आणि आडनाव सांगावेच लागते. दहा मिनिटांत दूरचा एखादा सोयरा निघतो आणि जेवणाचे आमंत्रण येते. येथे थोडा निग्रह हवा. चहा घ्यावा, जेवण नम्रपणे पुढच्या खेपेवर टाकावे; नाहीतर चार दिवसांची सुटी पुन्हा नातेवाइकांकडच्या भेटींत संपेल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. याच दिवसांत गावोगावच्या जत्रा असतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार रंगतो. पावसाळ्यातला किनारा देखणा खरा, पण जूनच्या आरंभापासून मासेमारीबंदी असल्याने ताजी मासळी दुर्मिळ होते आणि समुद्रात उतरणे धोक्याचे ठरते. एकट्याने तर एरवीही स्थानिक मच्छीमारांना विचारल्याशिवाय पाण्यात शिरू नये. परतीचे आरक्षण निघण्यापूर्वीच करावे आणि शक्यतो रविवार टाळावा.