सर्व्हरच्या उत्तराची पूर्वपरीक्षा

ग्रामपंचायतीच्या संगणकावरून दाखल्यासाठी केलेला अर्ज 'एचटीटीपी' या नियमपद्धतीने सर्व्हरकडे विनंतीच्या रूपाने जातो. उत्तरासोबत तीन अंकी संकेतांक येतो : २०० म्हणजे विनंती सफल, ४०४ म्हणजे मागितलेले सापडले नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड.

विनंती पाठविण्याची आज्ञावली प्रत्येकाने नव्याने लिहू नये, यासाठी तयार सॉफ्टवेअर लायब्ररी उपलब्ध आहेत. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांचे 'कर्ल' १९९८ मध्ये, तर पायथन भाषेतील 'रिक्वेस्ट्स' २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या साहाय्याने अपुरा अर्ज, चुकीचा क्रमांक असे प्रसंग मुद्दाम घडवून, सेवा जनतेस खुली करण्यापूर्वीच तिची कसोटी घेता येते.

एक बाब विशेष ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 'रिक्वेस्ट्स'ला प्रतीक्षेची मुदत नेमून दिली नाही, तर ती उत्तराची वाट पाहत अडकून राहू शकते. शिवाय उत्तर आले नाही म्हणजे अर्ज पोहोचलाच नाही, असे नव्हे. तोच अर्ज पुन्हा पाठविल्यास दोन नोंदी होण्याचा संभव असतो. म्हणून मुदत संपणे आणि अर्ज दुबार येणे, या दोन्हींची चाचणी आधीच व्हावयास हवी. अन्यथा ती परीक्षा मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास द्यावी लागते.