वांगणीचं गोडं पाणी

ठाण्याच्या खाडीवर लिहायचं ठरलं आणि मी खाडीकडे पाठ करून कर्जत लोकल पकडली. खाडीचं पाणी आधी नदीत पाहावं, असं वाटत होतं. बदलापूर मागे पडलं की इमारती विरळ होतात, भातखाचरं दिसू लागतात आणि पुढचं स्टेशन वांगणी येतं.

वांगणी दोनदा सगळ्या देशाला दिसली. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये इथल्याच फलाटावरून रुळांवर पडलेल्या मुलाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी गाडीसमोरून उचललं. त्यानंतर वांगणीकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

नदीवर एक काका पाग टाकत होते. सुतळी मनगटाला, जाळ्याची एक कड कोपरावर, दुसरी दातात. कमरेतून एक गिरकी घेतली आणि पाग हवेत गोल उघडून पाण्यावर पडला. कडेच्या शिशाच्या गुंड्या एकदम बुडाल्या, पाऊस पडल्यासारखा आवाज झाला. मी तासभर तेच बघत बसले. जाळं त्यांनी स्वतः विणलेलं. वडिलांच्या वेळी सुती दोरा असायचा, तो कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. आता नायलॉन.

"वलगण बघायला या, ताई," ते म्हणाले. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला नदीतून ओढ्यात, ओढ्यातून खाचरात चढतात, ती वलगण. पूर्वी रात्रभर बत्त्या घेऊन अख्खं गाव ओढ्यावर असे. "आता ओढ्याला भिंत आहे. मासा चढणार कुठून?"

राजमाचीच्या डोंगरात उगवणारी उल्हास कर्जत, नेरळ करत इथे येते. पुढे बदलापूरच्या बॅरेजला तिचं पाणी उचलून शहरांना पाजतात. त्याच्याही खाली शहरांचं सांडपाणी तिच्यात उतरतं. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला खेटून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून काळी होऊन कल्याणजवळ तिला मिळते. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे वर येऊन तडफडतात. कल्याणपासून भरतीचं खारं पाणी भेटू लागतं. मुख्य प्रवाह वसईच्या खाडीने समुद्राला जातो. एक अरुंद फाटा ठाण्याकडे वळतो.

आणि इथेच ठाण्याच्या खाडीचं दुखणं आहे. दक्षिणेला मुंबई बंदराकडे तिचं तोंड रुंद आहे, उत्तरेला मात्र गळा आवळलेला. पावसाळा सरला की वरून येणारं गोडं पाणी जवळजवळ नसतंच. भरतीने आत ढकललेली घाण ओहोटीने पुरती बाहेर जात नाही, चिखलात बसते. त्याच चिखलावर फ्लेमिंगो चरतात. २०२२ मध्ये या खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ठाण्याची म्हणून मला त्याचा फार आनंद झाला होता. पण त्या दर्जाची रेघ खाडीच्या काठाशीच थांबते. वांगणीचा ओढा त्या रेघेच्या आत येत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण वांगणीही भरते आहे. मुंबईत घर न परवडणारी माणसं इथे येतात. त्यांनी कुठे जावं? मात्र स्टेशनकडून नदीकडे चालत येताना नव्या इमारतींमागचा नाला पाहिला, फेसाळलेला, थेट उताराला लागलेला. हे आत्ता अडवता येईल. नाहीतर दहा वर्षांनी इथेही जलपर्णी काढायच्या निविदा निघतील.

काकांच्या टोपलीत मळ्या होत्या, एक वाम होती. पाग पिळून त्यांनी खांद्यावर टाकला आणि उंबराच्या फांदीला अडकवलेली पाण्याची बाटली काढली. घरून आणलेली होती.

"नदीचं नाही पीत?"

"पाच-सहा वर्षं झाली सोडून," ते म्हणाले, आणि अर्धी बाटली माझ्यापुढे धरली.